प्रश्नचिन्हे किती? : लिनक्सवर जावा शिकताना

घाटकोपरच्या ज्या विहारात आम्ही काही माजी विद्यार्थी रविवारी सकाळी जमतो, तेथे वंदना आटोपल्यावर सतरंजी तशीच अंथरलेली राहते आणि तिच्यावर तीन-चार लॅपटॉप उघडले जातात. आमच्यापैकी कोणी अंधेरीच्या सीप्झमध्ये, कोणी पवईत, तर कोणी मालाडच्या एखाद्या कार्यालयात संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करतो. आपल्या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून पदविकेला किंवा अभियांत्रिकीला गेलेली मुले-मुली मुलुंडहून, बोरिवलीहून आमच्याकडे येतात आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते : ‘दादा, जावा चालत नाही.’

या वाक्यात दुरुस्तीला उपयोगी पडेल असे काहीच नसते. तरीही त्यामागे बरेच काही असते. घरात आधी कोणी संगणक हाताळलेला नसतो, प्रयोगशाळेत एका यंत्रावर तिघे बसतात, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग उमटली की ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असा निष्कर्ष मूल स्वतःविषयी काढून मोकळे होते. आमच्यातल्या एकाने महाविद्यालयात असताना अशीच अडचण विचारली, तेव्हा ‘वसतिगृहातून आलात ना? मग आधी इंग्रजी शिका’ असे उत्तर त्याला चारचौघांत मिळाले होते. पुढची दोन वर्षे त्याने वर्गात प्रश्न विचारला नाही. संपादक मंडळाने आपापल्या व्यवसायातील एखादी उपयुक्त गोष्ट लिहिण्यास सांगितले, तेव्हा आम्हांस हाच विषय सुचला : लिनक्सवर जावा अडते तेव्हा नेमके काय झालेले असते, ते कसे ओळखावे आणि मदत कशी मागावी.

पालकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. जावा ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती 1995 मध्ये प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे, की आपण लिहिलेला मजकूर प्रथम एका मधल्या सांकेतिक रूपात उतरवला जातो आणि ते रूप कोणत्याही यंत्रावर चालवता येते, मात्र त्या यंत्रावर जावाचा ‘चालक’ बसवलेला असावा लागतो. पदविका आणि अभियांत्रिकी या दोन्हींच्या संगणक शाखांत ती शिकवली जाते आणि बँका, विमा यांची कितीतरी कामे तिच्यावर चालतात. म्हणून आपल्या मुलांच्या नोकरीशी तिचा थेट संबंध आहे.

लिनक्स ही यंत्र चालवणारी मूळ प्रणाली. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये तिचा गाभा लिहिला, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने तिला जोडली गेली. ती विनामूल्य मिळते. शिवाय तिच्या आतला मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. आपल्या घरांत ती येते त्याचे कारण मात्र साधे असते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना संगणक नव्या विंडोजचा भार पेलत नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित सुरक्षा-साहाय्य थांबले आणि विंडोज 11 न स्वीकारणारी अनेक यंत्रे घरोघरी निरुपयोगी ठरू लागली. त्यांपैकी बरीचशी लिनक्सवर सुखाने चालतात. अशी जुनी यंत्रे भंगारात देऊ नयेत, ही पालकांना विनंती.

जावा आणि लिनक्स यांचे नाते सुरुवातीपासून सरळ नव्हते. सनने लिनक्ससाठी स्वतः जावा देण्याआधी ‘ब्लॅकडाउन’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने ती लिनक्सवर आणली होती. पुढे 1999 च्या अखेरीस सनने लिनक्सवरील आवृत्ती जाहीर केली, तेव्हा या गटाच्या श्रमांचा उल्लेख राहून गेला; नाराजी व्यक्त झाल्यावर कंपनीने ती चूक मान्य केली. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही कथा आपल्या समाजाला नवी नाही, म्हणून येथे सांगितली. नोव्हेंबर 2006 मध्ये सनने जावाचा मूळ मजकूर मुक्त परवान्याखाली खुला करण्याचे जाहीर केले, त्यातून ‘ओपन जेडीके’ उभे राहिले. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली, तरी मुक्त झालेला मजकूर मुक्तच राहिला. आज आपण लिनक्सवर जी जावा बसवतो ती बहुधा हीच असते.

मुंबईच्या उपनगरांचाही या इतिहासात वाटा आहे. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमध्ये (ही संस्था आता सी-डॅकमध्ये विलीन झाली आहे) लिनक्स भारतीय भाषांत आणण्याचे काम झाले. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात काम केलेले डॉ. नागार्जुन हे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे भारतातील एक अग्रणी. मुंबईच्या ग्नू-लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाशीही त्यांचा निकटचा संबंध राहिला. आणि पवईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प तर आम्ही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच रविवारी दाखवतो. सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे पाठ आहेत. पडद्यावर प्रत्यक्ष काम दिसते आणि आवाज मराठीतही मिळतो. लिनक्स आणि जावा या दोन्ही विषयांचे पाठ त्यात आहेत. पाठ नुसता पाहायचा नाही. एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला आपले काम उघडे ठेवून, थांबत थांबत तेच करून पाहायचे, अशी त्याची रीत आहे.

आता अडचणींकडे वळू. सर्वांत जास्त वेळा दिसणारा संदेश ‘जावासी : कमांड नॉट फाउंड’ असा असतो. मूल म्हणते, ‘जावा बसवली आहे, मग सापडत का नाही?’ जावाचे दोन संच असतात. एकात फक्त तयार प्रोग्राम चालवणारा चालक असतो, त्याला जेआरई म्हणतात. दुसऱ्यात आपला मजकूर सांकेतिक रूपात उतरवणारे ‘जावासी’ हे साधनही असते, तो जेडीके. मुलाने पहिलाच बसवलेला असतो. यंत्र खरे तेच सांगत असते : ‘तू नाव घेतलेस त्या नावाचे साधन मला माझ्या ठरलेल्या जागांत मिळाले नाही.’ संदेशाचा असा मराठीत शांतपणे अर्थ लावून पाहणे, हा आमचा पहिला पाठ.

दुसरी गंमत मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांची. विंडोजवर फाइलच्या नावातले पहिले अक्षर मोठे असो वा लहान, बहुधा निभावून जाते. लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. त्यामुळे विंडोजवर बिनबोभाट चाललेला प्रकल्प लिनक्सवर आला की ‘फाइल नाही’ म्हणतो, आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. तसेच जोड-ग्रंथालयांचे पत्ते एकापुढे एक लिहिताना विंडोजवर मध्ये अर्धविराम लागतो, लिनक्सवर अपूर्णविराम. पुस्तकातले उदाहरण विंडोजचे असले की येथे अर्धा दिवस जातो. खिडकी उघडणारा प्रोग्राम ‘हेडलेस’ असे काही म्हणून बंद पडला, तर बसवलेला संच चित्रपटलाशिवायचा, म्हणजे केवळ सर्व्हरसाठीचा आहे, असे समजावे आणि पूर्ण संच बसवावा.

आवृत्त्यांचा घोळ थोडा अधिक समजून घेण्यासारखा आहे. घरी जावा 17, महाविद्यालयात जावा 11. घरी तयार केलेला प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून नेला की तेथे भला मोठा संदेश येतो आणि त्यात 61.0 व 55.0 असे दोन आकडे असतात. मुले हे आकडे कधीच वाचत नाहीत. वास्तविक सगळे उत्तर त्यांतच आहे. आकड्यातून 44 वजा करावेत : 61 वजा 44 म्हणजे 17, ही प्रोग्राम ज्या जावाने तयार झाला तिची आवृत्ती, 55 वजा 44 म्हणजे 11, ही येथे असलेली. नवी जावा जुने रूप वाचते, जुनी जावा नवे वाचू शकत नाही. उपाय दोन : तेथील जावा वाढवावी, किंवा घरी प्रोग्राम तयार करतानाच ‘अकराला समजेल असा कर’ अशी सूचना द्यावी. एकाच यंत्रावर दोन जावा असल्या तर कोणती पुढे येते हे आधी विचारून घ्यावे. आज्ञेपुढे ‘व्हर्जन’ लिहिले की यंत्र सांगते. ‘जावा’ आणि ‘जावासी’ या दोहोंना वेगवेगळे विचारावे, कारण कधी कधी एक नवी आणि दुसरी जुनी निघते.

लेखाच्या शीर्षकातली गोष्ट आता सांगतो. मुलुंडला राहणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने विहाराच्या ग्रंथालयासाठी जावात एक छोटा प्रोग्राम लिहिला. पुस्तकांची नावे एका फाइलमध्ये साठवलेली. प्रोग्राम ती वाचून यादी तयार करून देई. घरच्या लिनक्सवर यादी सुरेख निघाली. विहारातल्या जुन्या यंत्रावर, तोच प्रोग्राम आणि तीच फाइल असताना, नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आली. तिने फाँट बदलले, लिनक्स पुन्हा बसवले, शेवटी ‘यंत्रच खराब आहे’ असे म्हणून ती रडकुंडीला आली. आमच्यातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिला एवढेच विचारले : ‘ताई, प्रश्नचिन्हे किती आहेत?’

प्रश्न विचित्र वाटला, पण तिने मोजली. यादीतले पहिले पुस्तक ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’. ‘बुद्ध’च्या जागी पंधरा प्रश्नचिन्हे होती, ‘आणि’च्या जागी नऊ.

यामागचा हिशेब असा. ‘बुद्ध’ हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत तो पाच घटकांचा आहे : ब, उकार, द, हलन्त आणि ध. जावाला या शब्दाची लांबी विचारली तर ती पाचच सांगते. फाइलमध्ये हे घटक यूटीएफ-8 या रीतीने ठेवले जातात, आणि त्या रीतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट जागा घेतो. पाच त्रिक पंधरा. ‘आणि’मध्ये आ, ण आणि इकार असे तीन घटक, तीन त्रिक नऊ. म्हणजे प्रोग्रामला पाच घटक मिळालेच नव्हते. त्याने प्रत्येक बाइट सुटा सुटा, न कळलेले अक्षर म्हणून घेतला होता. फाँटचा यात काहीही संबंध नव्हता. चूक फाइल वाचतानाच होत होती. पाच प्रश्नचिन्हे आली असती, तर वाचन ठीक आणि लिहिताना चूक, असा निष्कर्ष निघाला असता.

मग दोन यंत्रांत फरक कोणता? लिनक्समध्ये ‘लोकेल’ नावाची एक नोंद असते. या यंत्रावर कोणती भाषा, कोणती लेखनरीत वापरायची ते ती सांगते. घरच्या यंत्रावर ती यूटीएफ-8 ची होती. विहारातल्या यंत्रावर लिनक्स घाईने, किमान भाग घेऊन बसवले होते आणि ही नोंद केलीच नव्हती. अशा वेळी जावा 17 केवळ इंग्रजी अक्षरे जाणणारी जुनी रीत गृहीत धरते. मार्च 2022 मध्ये आलेल्या जावा 18 पासून फाइलींच्या वाचन-लेखनासाठी यूटीएफ-8 हीच मूळ रीत ठरली आहे, पण तिच्याकडे सतरावी होती. तिने प्रथम वाचण्याच्या ओळीत ‘यूटीएफ-8 ने वाच’ असे स्पष्ट लिहिले आणि प्रोग्राम चालवला. यादीत पुन्हा प्रश्नचिन्हेच, पण आता ‘बुद्ध’च्या जागी पाच. हे पाहून ती हसली; कारण आता तिला स्वतःलाच कळले होते, की वाचन सुधारले आणि लेखन राहिले. लिहिण्याच्या ओळीतही तीच सूचना दिल्यावर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ उमटले. नंतर यंत्राची लोकेलची नोंदही नीट केली, ती वेगळी गोष्ट.

तीन आठवड्यांची अडचण पाऊण तासात सुटली, त्याचे श्रेय आम्ही ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हुशारीपेक्षा त्यांच्या सवयीला देतो. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांचे सांगणे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकतो. कालामांना त्यांनी दिलेला उपदेशही आपल्या परिचयाचा आहे : केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. संगणकाच्या दुरुस्तीत हे अक्षरशः करावे लागते. फाँट बदला, हे ऐकीव होते. प्रश्नचिन्हे मोजणे ही पारख होती. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिने वाचन आणि लेखन दोन्ही एकदम दुरुस्त केले असते तर यादी आली असती, पण कोणत्या बदलाने काय झाले ते कळले नसते.

विचारण्याची रीत यातूनच ठरते. आमच्याकडे येणाऱ्याने तीन गोष्टी आणाव्यात असा आमचा आग्रह असतो : काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात यंत्र काय म्हणाले. शेवटची गोष्ट शब्दशः हवी. मोबाइलवर काढलेला पडद्याचा तिरपा फोटो, त्यात अर्धा संदेश आणि वर पंख्याची सावली, हे आम्हांस नको असते. संदेशाचा मजकूर उचलून पाठवावा, संपूर्ण पाठवावा. जावाचा संदेश कधी कधी पन्नास ओळींचा येतो आणि मुले घाबरून फक्त पहिली ओळ पाठवतात. ‘कॉज्ड बाय’ या शब्दांनी सुरू होणारी शेवटची ओळ बहुधा त्याहून महत्त्वाची असते. सोबत लिनक्सची आणि जावाची आवृत्ती. आणि शक्य झाल्यास दोनशे ओळींचा प्रोग्राम कापत कापत अडचण जेमतेम दिसेल इतका छोटा करून आणावा. हा छोटा करण्याचा खटाटोप करता करताच निम्म्या मुलांना उत्तर सापडते आणि ती रविवारी नुसती चहाला येतात.

एक इशाराही देणे भाग आहे. कोणी सांगितले म्हणून ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा अर्थ न विचारता चालवू नये, ती यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने चालते. परवानगी नाकारली की सगळ्या फाइली सर्वांना खुल्या करून टाकणे हा प्रचलित ‘उपाय’ तर आम्हांस मुळीच मान्य नाही. दार अडकते म्हणून कोणी घराची भिंत पाडत नाही. आजकाल मुले कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात. विचारावे. पण ते यंत्रही कधी दुसऱ्याच आवृत्तीचे उत्तर ठामपणे देते, म्हणून कालामांचा नियम त्यालाही लावावा.

कल्याणमित्र हा शब्द आपल्या परंपरेत किती मोलाचा आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. आनंदाने कल्याणमित्रतेला श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग म्हटले, तेव्हा तथागतांनी तो अर्धा नसून संपूर्ण आहे असे त्याला सुधारून सांगितले, अशी कथा पाली साहित्यात आहे. लिनक्स वापरणाऱ्यांच्या जगात हे नाते आम्ही प्रत्यक्ष अनुभवले आहे : ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसांनी आमच्या चुका वाचून उत्तरे दिली. त्या बदल्यात अपेक्षा एकच असते. अडचण सुटली की कशाने सुटली ते परत येऊन सांगावे. आमची मुले येथे कमी पडतात. उत्तर मिळाले की गायब होतात. म्हणून विहारात आम्ही एक नोंदवही ठेवली आहे. डाव्या पानावर यंत्राचा संदेश, उजव्या पानावर कारण आणि उपाय, खाली सोडवणाऱ्याचे नाव. बोरिवलीहून येणारा एक मुलगा कित्येकदा आमच्यापैकी कोणालाही न विचारता ती वही चाळूनच परत जातो.

ग्रंथालयाची यादी मात्र अजून पुरी झालेली नाही. दोघांनी दोन कळफलकांवर नावे टंकली, त्यामुळे ‘साताऱ्याचा’सारख्या शब्दातला ऱ कुठे एक घटक म्हणून, तर कुठे र आणि नुक्ता असे दोन घटक म्हणून आला; डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोध घेताना एक सापडे, दुसरा नाही. जावातील ‘नॉर्मलायझर’ वापरून ते जुळवून घेतले. आता प्रश्न अकारविल्हे क्रमाचा आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो आणि क्ष तर क च्या कुटुंबातच जातो. आपल्या वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर येतात. त्यामुळे जावाने लावलेल्या यादीत ‘ज्ञ’ने सुरू होणारी पुस्तके ज च्या कप्प्यात जातात आणि ग्रंथपाल काका ती शेवटी शोधत बसतात. मराठी क्रमाचे नियम आम्ही हाताने लिहावयास घेतले आहेत. स्वर झाले, व्यंजने निम्मी झाली आहेत. ज्यांना हे काम ठाऊक आहे किंवा शिकावयाचे आहे, त्यांनी कोणत्याही रविवारी वंदनेनंतर यावे. येताना आपला लॅपटॉप आणि चार्जर आणावा, कारण विहारात जोडणीच्या जागा दोनच आहेत.